एस्टोनियाचा गीतोत्सव आणि तेथील बायका

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला, की दुपारची कामे आटोपून समूहगीताच्या तालमीला जमण्याची आपली रीत आहे. पेटी कोणाच्या घरून आणावयाची, पहिली ओळ कोणी उचलावयाची, सुरुवातीच्या रांगेत कोणी उभे राहावयाचे, ह्याची गोड भांडणे यंदाही सुरू झालेली आहेत. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासाचे काहीतरी लिहून मागितले, तेव्हा ह्या तालमीच्या दिवसांत गाण्याचाच इतिहास द्यावा असे मनात आले. मात्र हा इतिहास आपल्याकडचा नाही. तो युरोपच्या उत्तरेकडील एका चिमुकल्या देशाचा आहे, आणि त्यात बायकांना जी वाट काढावी लागली ती वाचून आपल्यापैकी पुष्कळजणींना ओळखीची वाटेल.

ह्या देशाचे नाव एस्टोनिया. बाल्टिक समुद्राच्या काठी, रशियाच्या शेजारी तो आहे. वस्ती चौदा लाखांच्या आत, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या नाशिक शहरापेक्षाही थोडी कमीच. एवढ्याशा देशात दर पाच वर्षांनी, जुलैच्या आरंभी, टालिन ह्या राजधानीच्या शहरात गीतोत्सव भरतो. गावोगावचे गायनवृंद आपापला पारंपरिक पोशाख करून शहरातून मिरवत समुद्राकाठच्या मैदानावर येतात आणि एका प्रचंड कमानीखाली वीस-वीस हजार माणसे एकाच वेळी, एका संचालकाच्या हाताकडे पाहून गातात. समोर हिरवळीवर तितकेच नव्हे, त्याच्या कितीतरी पट श्रोते असतात आणि तेही शेवटीशेवटी गाऊ लागतात.

येथे एक खुलासा करावयास हवा. आपण समूहगीत म्हणतो तेव्हा सगळ्याजणी एकच चाल म्हणतो. आवाज दहा असोत की शंभर, सूर एकच. त्यांच्याकडे तसे नसते. एकाच गाण्यात चार निरनिराळ्या सुरावटी एकाच वेळी चाललेल्या असतात. बायकांचा चढा आवाज, बायकांचा खालचा आवाज, पुरुषांचा चढा आणि पुरुषांचा खर्ज. प्रत्येकाने आपली ओळ सांभाळावयाची आणि शेजारच्याच्या ओळीवर घसरावयाचे नाही. प्रथम ऐकताना आपल्या कानाला ते थोडे गोंधळाचे वाटते, पण चारही ओळी नीट बसल्या की जो भरदार नाद उठतो तो एका चालीतून उठणे कठीण. हे सांगण्याचे कारण असे, की अशा मिश्र गायनात बायकांचे आवाज शोभेसाठी नसतात. चारातले दोन त्यांचे असतात. ते नसतील तर ते गाणे उभेच राहत नाही.

आणि तरीही ज्या मेळाव्यापासून ह्या उत्सवाची परंपरा मोजतात, त्या १८६९ च्या पहिल्या गीतोत्सवात एकही बाई गाणाऱ्यांत नव्हती.

ह्यातली गंमत कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. एस्टोनियन लोकांची जी मूळची जुनी गाणी आहेत, ती बहुतेक बायकांची आहेत. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलून परत म्हणतात. मग पुढली ओळ. कापणी, झोका, लग्न, मरण, मुलाला निजवणे, सर्वांना गाणी होती. भोंडल्याला फेर धरणाऱ्या आपल्या बायकांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे ओवीचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात येतो, तोही धान्य कांडताना महाराष्ट्रातील बायका ती गातात असाच. त्यांच्याकडेही गाणे असेच कामाच्या पोटातून आले. त्या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात सेतो नावाचे लोक राहतात. त्यांच्यात आन्ने वाबार्ना ह्या नावाची एक बाई होऊन गेली (१८७७–१९६४). तिला लिहिता येत नव्हते, पण तिने ‘पेको’ नावाचे सुमारे आठ हजार ओळींचे काव्य रचले. १९२७ साली ते लिहून घेतले गेले. आपल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तिच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण दोन घरांतली परिस्थिती पाहिली तर नवल वाटत नाही.

मग गाणे बायकांचे असताना व्यासपीठ पुरुषांचे कसे झाले? त्याचे उत्तर त्या देशाच्या गुलामगिरीत आहे. शेकडो वर्षे तेथे जमीनदार जर्मन, राज्य शेवटी रशियाच्या झारचे आणि एस्टोनियन माणूस म्हणजे शेतावर बांधलेला भूदास. दक्षिणेकडील लिवोनिया प्रांतात भूदासांना १८१९ साली मोकळे केले, पण जमीन जमीनदाराकडेच राहिली. शिकलेला एस्टोनियन जर्मन बोले आणि जर्मन म्हणून मिरवी. गावातल्या शाळामास्तरांनी व चर्चच्या वाजविणाऱ्यांनी मुलांना चार सुरांचे गाणे शिकविले ते जर्मन वळणाचे. बाल्टिक प्रदेशातील जर्मनांनी आपले पुरुषांचे गीतोत्सव टालिन येथे १८५७ साली आणि रीगा येथे १८६१ साली भरविलेले होते. एस्टोनियनांनी आपला उत्सव करावयाचे ठरविले तेव्हा नमुना समोर होता तो हाच. कपडा नवा, पण बेतणी शेजाऱ्याच्या मापाची, अशातली ही गोष्ट.

उत्सवाचा पुढाकार घेतला योहान वोल्डेमार यान्सेन ह्यांनी. हे वृत्तपत्रकार. १८५७ साली त्यांनी एस्टोनियन भाषेत साप्ताहिक काढले आणि आपल्या वाचकांना प्रथमच ‘एस्टोनियन लोकहो’ अशा अर्थाने हाक मारली. तोपर्यंत हे लोक स्वतःला नुसते ‘गावची माणसे’ म्हणवून घेत. १८६५ मध्ये त्यांनी टार्टू ह्या विद्यापीठाच्या गावी ‘वानेमुइने’ नावाचे गायनमंडळ स्थापन केले. भूदासमुक्तीला पन्नास वर्षे होतात हे निमित्त पुढे करून त्यांनी सरकारकडे उत्सवाची परवानगी मागितली. झारच्या राज्यात झारचे आभार मानण्यासाठी जमावयाचे म्हटल्यावर नाही म्हणणे अवघड. तरी परवानगी यावयास बराच काळ लागला.

ह्या यान्सेन ह्यांची थोरली मुलगी लीडिया. जन्म १८४३ चा. वडिलांच्या वृत्तपत्राचे पुष्कळसे काम ती करी. तिचे नाव बाहेर येत नसे. १८६७ साली तिचा ‘एमायोगीची बुलबुल’ हा कवितासंग्रह निघाला (एमायोगी ही टार्टूची नदी), त्यावरही कवयित्रीचे नाव नव्हते. पुढे एका लेखकमित्राने तिला ‘कोइडुला’, म्हणजे पहाटेची, असे टोपणनाव दिले आणि लीडिया कोइडुला म्हणूनच ती इतिहासात राहिली. उत्सवाच्या तयारीत ती वडिलांच्या बरोबरीने राबली. पत्रव्यवहार, याद्या, येणाऱ्यांची सोय ही असली कामे कोणाच्या गळ्यात पडतात हे मंडळात काम केलेल्या कोणत्याही बाईला विचारावे.

त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे १८ ते २० जून १८६९ असे तीन दिवस हा उत्सव टार्टू येथे झाला. आगगाडी टार्टूला पोचली ती १८७६ साली, म्हणजे त्यानंतर. त्यामुळे लोक आले ते घोडागाड्यांतून आणि पायी. एक्कावन्न गायनवृंद व बँड, मिळून आठशेहून अधिक गाणारे-वाजविणारे, आणि श्रोते दहा हजारांच्या वर. पहिल्या दिवशी धार्मिक गाणी, दुसऱ्या दिवशी लौकिक, तिसऱ्या दिवशी स्पर्धा. गाणी एस्टोनियन भाषेत म्हटली, पण चाली बहुतेक जर्मनांच्या. एस्टोनियन संगीतकाराची म्हणावीत अशी दोनच, अलेक्सांडर कुनिलेइड ह्या तरुण शिक्षकाने केलेली; आणि त्या दोन्हींचे शब्द लीडिया कोइडुलाचे.

म्हणजे असे झाले, की साऱ्या कार्यक्रमात ज्या दोन गाण्यांना ‘आमची’ म्हणता येईल ती एका पंचवीस वर्षांच्या मुलीची. ती म्हणणारे आठशे पुरुष. आणि ती स्वतः ऐकणाऱ्यांत. तिने ह्याबद्दल तक्रार केली की नाही, ह्या चर्चेत शिरण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच वर्षी, १८७० मध्ये, तिने एस्टोनियन भाषेतले पहिले नाटक त्याच वानेमुइने मंडळात बसविले, एवढे सांगितले म्हणजे ती गप्प बसणारी नव्हती हे लक्षात येते. १८७३ साली तिचे एका लष्करी डॉक्टराशी लग्न झाले आणि ती रशियातील क्रोनश्टाट ह्या नाविक ठाण्यावर गेली. तेथेच १८८६ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने वारली. गीतोत्सवात बायका गाताना पाहणे तिच्या नशिबी आले नाही.

दुसरा उत्सव १८७९ साली, तिसरा १८८० साली, आणि दोन्हींत गाणारे पुरुषच. १८९१ साली चौथा उत्सव टार्टू येथे भरला तेव्हा मिश्र गायनवृंदांना प्रथम जागा मिळाली आणि त्यांच्याबरोबर बायका त्या व्यासपीठावर आल्या. पहिल्या उत्सवापासून बावीस वर्षे लागली. गावच्या शाळेत व चर्चमध्ये मुली-बायका गात होत्याच. उत्सवाची चौकट तेवढी उशिराने मोकळी झाली.

ह्यापुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. तीनच वर्षांनी, १८९४ च्या पाचव्या उत्सवात, सबंध मेळाव्याचे संचालन करणाऱ्या निवडक मंडळींत एक तीस वर्षांची बाई होती. नाव मीना हार्मा. (नाव पाहून कोणाला आपल्याच आळीतली वाटेल!) ती सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेतून ऑर्गन हे वाद्य शिकून १८९० साली पदवी घेऊन आलेली. टार्टूत तिने स्वतःचा गायनवृंद उभा केला, गावोगाव कार्यक्रम केले, आणि गायनवृंदांसाठी सुमारे दोनशे गाणी रचली. आधी बायकांना गाऊ द्यावे की नाही असा प्रकार होता, आणि आता हजारो पुरुषांनी तिच्या हाताकडे पाहून श्वास घ्यावयाचा! तिचे ‘तुल्याक’ हे १९०० सालचे गाणे लग्नसमारंभाच्या थाटाचे आहे. पुढे आन्ना राउडकाट्स ह्या बाईंनी त्यावर नृत्य बसविले आणि ते तिकडील नृत्योत्सवांत अजून नाचले जाते. मीनाबाई पुढे काही वर्षे क्रोनश्टाट येथे संगीतशिक्षिका होत्या. म्हणजे कोइडुला जेथे वारली त्याच गावी. १९४१ साली टार्टूत त्यांचे निधन झाले. टार्टूची एक शाळा आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१९१० च्या उत्सवात गाणारे-वाजविणारे सुमारे दहा हजार होते. १९१८ साली एस्टोनियाने स्वातंत्र्य पुकारले आणि मग उत्सव आपल्या राज्यात, आपल्या झेंड्याखाली होऊ लागले. तो काळ सुखाचा होता, आणि सुखाच्या काळाविषयी लिहावयास फारसे नसते.

१९४० साली सोव्हिएत रशियाने देश गिळला. मग जर्मन आले, १९४४ साली पुन्हा रशियन आले. २५ मार्च १९४९ पासून चार दिवसांत वीस हजारांवर माणसे गाड्यांत भरून सैबेरियाला पाठविली. त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पुढच्याच वर्षी, १९५० साली, गीतोत्सव ठरल्याप्रमाणे झाला. सरकारला तो हवा होता. फक्त गाणी स्टालिनच्या स्तुतीची हवी होती. त्या वर्षी उत्सवाचे तीन नामवंत संचालक, आल्फ्रेड कारिंडी, रिहो पाट्स आणि तूडूर वेट्टिक, ह्यांना अटक झाली. ज्या बायका त्या रांगांत उभ्या राहून सांगितलेली गाणी म्हणत होत्या, त्यांच्यापैकी कितीजणींची माणसे त्या क्षणी सैबेरियात होती ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा कोइडुलाकडे वळू. तिच्या १८६९ मध्ये गायिलेल्या दोन कवितांपैकी एकीचे शीर्षक ‘माझी मायभूमी माझे प्रेम आहे’ अशा अर्थाचे आहे. १९४४ साली, युद्ध चालू असताना, गुस्ताव एर्नेसाक्स ह्या संगीतकाराने तिला नवी चाल लावली. १९४७ च्या उत्सवात ती म्हटली गेली आणि लोकांच्या मनात एकदम बसली. खरे राष्ट्रगीत बंद होते. त्याची जागा ह्या गाण्याने घेतली. हे ध्यानात आल्यावर सरकारने ते कार्यक्रमातून वगळले. १९६० साली टालिनच्या मैदानावर ती सुप्रसिद्ध कमान नव्याने उभी राहिली होती. त्या वर्षी कार्यक्रम संपत आला, आणि गाणाऱ्यांनी आपण होऊन, यादीत नसलेले हे गाणे सुरू केले. एवढ्या हजारांना गप्प कसे बसवावे? शेवटी एर्नेसाक्स स्वतः पुढे आले आणि त्यांनी हात उचलून संचालन केले. १९६५ च्या उत्सवापासून गाणे अधिकृत यादीत परत आले.

हे घडू शकले ह्याचे एक कारण मला असे वाटते, की ते शब्द फार जुने होते. नव्या कवीने तेच लिहिले असते तर तो तुरुंगात गेला असता. पण जी बाई १८८६ मध्ये वारली, जिचे पुस्तक शाळेत लावलेले आहे, तिला पकडावयाचे कसे? १९४६ साली तर तिच्या अस्थी क्रोनश्टाटहून समारंभाने टालिनला आणून पुरल्या होत्या.

पुढचा इतिहास पुष्कळांना माहीत असेल. १९८८ च्या जूनमध्ये टालिनच्या गीतमैदानावर तरुण मंडळी रात्रीमागून रात्री जमून गाऊ लागली. बंदी असलेले निळे-काळे-पांढरे झेंडे माळ्यांवरून, पेट्यांच्या तळातून बाहेर निघाले. ते इतकी वर्षे घडी घालून कोणी जपले असतील ते सांगावयास नको. ह्या चळवळीला हाइन्झ वाल्क ह्या चित्रकाराने ‘गाणारी क्रांती’ असे नाव दिले. ११ सप्टेंबर १९८८ रोजी त्याच मैदानावर सुमारे तीन लाख माणसे जमली असा अंदाज सांगतात. त्या देशात एस्टोनियन भाषिकच मुळी दहा लाखांच्या आत होते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटविया व लिथुएनिया ह्या तीन देशांतील सुमारे वीस लाख लोकांनी सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी धरली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले.

नुसत्या गाण्याने राज्य उलथले असे कोणी म्हणेल तर ते मला पटत नाही. मॉस्कोची सत्ता त्या वेळी आतून पोखरली होती, हे खरे कारण मोठे आहे. पण तीन लाख माणसे जमतात आणि चेंगराचेंगरी होत नाही, दगड उचलला जात नाही, ह्याचे श्रेय मात्र गाण्याच्या सवयीला द्यावयास हवे. ज्यांनी लहानपणापासून शेजाऱ्याचा आवाज ऐकत आपला सूर सांभाळला होता, अशी ती माणसे होती. शेजारच्या लिथुएनियात जानेवारी १९९१ मध्ये सैन्याने माणसे मारली. एस्टोनियात रक्त सांडले नाही.

तयारीची त्यांची पद्धत आपल्या तालमीच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. उत्सवाची गाणी सुमारे दोन वर्षे आधी ठरतात आणि त्यांच्या स्वरलिपी गावोगावच्या वृंदांकडे जातात. शाळेतल्या मुलांचे, मुलग्यांचे, बायकांचे, पुरुषांचे, मिश्र असे वृंद वेगवेगळे. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी जमावयाचे, दिवसभराचे काम करून. मग परीक्षक येऊन ऐकतात आणि ज्यांची तयारी पुरी त्यांनाच टालिनला जावयास मिळते. म्हणजे तेथे वशिला चालत नाही! ह्या कामात पुरुष मिळविणे ही तिकडची नेहमीची अडचण आहे. बायकांच्या वृंदांना तशी वाण पडत नाही. १८६९ ची आठवण ठेवून हे वाचले म्हणजे थोडे हसू येते.

युनेस्कोने २००३ साली तिन्ही बाल्टिक देशांच्या गीतोत्सवांचा मानवजातीच्या वारशात गौरवाने समावेश केला. लाटवियाचा पहिला उत्सव १८७३ चा, लिथुएनियाचा १९२४ चा. सेतो बायकांच्या त्या जुन्या पद्धतीच्या गाण्यालाही २००९ मध्ये तोच मान मिळाला. म्हणजे घरातले आणि मैदानावरचे अशी दोन्ही गाणी एका पंगतीला आली.

अलीकडचा अठ्ठाविसावा उत्सव २०२५ च्या जुलैत टालिन येथे झाला. पाऊस भरपूर होता. लोकरीचे घागरे, कशिद्याच्या टोप्या आणि त्यांवर पातळ पारदर्शक रेनकोट अशा थाटात बायका मिरवणुकीत चालल्या. उत्सवाची मशाल टार्टूहून पेटवून आणतात. शेवटी कोइडुलाचे ते गाणे होते, आणि त्या वेळी कमानीखालचे आणि हिरवळीवरचे सगळेच उभे राहून गातात.